गाणं ऐकताना मेंदूत काय होतं?

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात १९८४ च्या दहावीच्या तुकडीतील एका मेंदूविकारतज्ज्ञाने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन : स्मरणिका समिती.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगीत आणि मेंदू' असं छापलंय. जेवणात जिलबी होती, मठ्ठा होता आणि त्यानंतरची वेळ मला दिली आहे. म्हणजे भूगोलाच्या तासाची वेळ. त्या तासाला मागच्या तीन बाकांवर काय चालायचं हे मला माहीत आहे, कारण मी तिथेच बसायचो. तेव्हा कुणाला डुलकी लागली तर माझा राग नाही.

मी भाषण लिहून आणलं होतं. पण सकाळी प्रार्थनेच्या वेळी जे झालं, त्यानंतर ते कागद खिशातच ठेवले आणि सुरुवात बदलली.

आमच्या तुकडीचा मॉनिटर आज आला आहे, दुसऱ्या रांगेत, वहिनींच्या शेजारी. त्याच्याबद्दल बोलू का, असं मी त्याला आणि वहिनींना जेवताना विचारलं. त्याने मान हलवली आणि डाव्या हाताने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. हीच परवानगी समजतो. तीन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. आज सकाळी गेटपाशी आपण सगळे त्याला भेटलो. त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. 'अं... अं...' करून तो थांबत होता, आणि आपण ओशाळून दुसरीकडे बघत होतो.

मग पटांगणात प्रार्थना सुरू झाली. पेटीचा सूर लागला आणि मॉनिटर गायला लागला. एकेक शब्द स्पष्ट, एकही चुकला नाही. चाळीस वर्षांपूर्वी तो पुढे उभा राहून सांगायचा तशीच. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "अरे, म्हणजे याला बोलता येतंय की!"

त्या एका वाक्यासाठी मी भाषण बदललं. कारण हे वाक्य त्याच्या घरातही बोललं गेलं आहे. 'देवापुढे आरती म्हणता येते, मग आमच्याशी बोलायला काय होतं? प्रयत्नच करत नाही.' माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांच्या घरात हे मी ऐकलंय. तर मॉनिटरला बोलता येत नाही, आणि गाता येतं. दोन्ही खरं आहे. असं का, ते समजायला आवाज मेंदूत कसा शिरतो इथपासून सुरुवात करावी लागेल.

आपण मिरजेची माणसं. शाळेतून घरी जाताना सतारमेकरांच्या दुकानांवरून जायचो. भोपळे वाळत टाकलेले असायचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. आत एखादे चाचा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत, तार छेडत, परत कानस फिरवत बसलेले असायचे. जवारी काढणं चालायचं. मला तेव्हा वाटायचं, एकच तार हा माणूस तासभर का ऐकतोय?

आता सांगतो. तार छेडली की ती फक्त अख्खी थरथरत नाही. ती दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच भागांत अशीही एकाच वेळी थरथरत असते. प्रत्येक भागाचा वेगळा, वरचा सूर असतो. त्यांना उपस्वर म्हणतात. जवारी नीट निघाली की हे उपस्वर उजळतात. खर्जाच्या तारेतला पाचवा उपस्वर म्हणजे गंधार. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसते, तरी जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो, तो इथून. चाचा तासभर तेच शोधत असायचे.

ही हवेतली थरथर कानाच्या पडद्यावर आदळते. तिथून हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडं ती पुढे ढकलतात. आत गोगलगायीच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली नळी आहे. तिच्यात एक लांबट पडदा आहे. त्याच्या सुरुवातीला तार सप्तकातले सूर हलवतात आणि शेवटच्या टोकाला खर्जातले. म्हणजे पेटीच्या पट्ट्या ओळीने मांडाव्यात तसे सूर तिथे मांडलेले असतात. त्या पडद्यावर मेंदूकडे खबर पाठवणाऱ्या केसासारख्या पेशी एका कानात साधारण ३,५०० असतात. डोक्यावर लाखभर केस असतात आणि आपण त्यांची काळजी करतो. माझे गेले, ते तुम्ही बघतच आहात. कानातल्या या साडेतीन हजार मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या नातवंडांना हा आकडा जरूर सांगा.

इथपर्यंत कान. पण सूर 'ऐकतो' तो मेंदू. एक साधं उदाहरण देतो. जुन्या टेलिफोनमधून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे आवाज जातच नसत. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर असतो १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे वडिलांचा फोन आला की त्यांच्या आवाजाचा मूळ सूर आपल्या कानापर्यंत पोचतच नव्हता. तरी आपल्याला तो बायकी वाटला नाही. कारण वरचे उपस्वर पोचत होते आणि ते २, ३, ४ अशा पूर्ण पटींत असतात. मेंदू त्यांच्यावरून हिशेब करून खालचा गाळलेला सूर स्वतः भरतो. नाही त्या ठिकाणी तो ऐकतो.

उपस्वर असे पूर्ण पटींत असले की मेंदूला एक स्पष्ट सूर मिळतो. साध्या ढोलाचे उपस्वर पटींत नसतात, म्हणून ढोल नुसता 'ढम्' वाजतो. तबल्याला मात्र सूर असतो, तो षड्जात मिळवता येतो. कारण मधली शाई. त्या शाईच्या थरांमुळे तबल्याचे उपस्वर पटींत येतात, हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं. शाई भरणाऱ्या कारागिरांनी ते त्याच्या कितीतरी आधी नुसत्या कानाने शोधलं होतं.

आता लय. नुसतं ऐकताना पाय का हलतो? मेंदूच्या चित्रणात असं दिसतं की माणूस अगदी स्थिर पडून ठेका ऐकत असला तरी हालचालींचं नियोजन करणारे भाग जागे होतात. कान आणि हातपाय यांच्यात आत एक थेट दोर आहे. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवून त्यातला जोराचा आघात मध्येच गाळला, तर त्यांच्या मेंदूतल्या लहरी दचकल्यासारख्या बदलतात. हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ठोका कुठे यायला हवा याची अपेक्षा आपण जवळजवळ जन्मतःच करतो. पार्किन्सनच्या काही रुग्णांचं पाऊल दारात अडकतं, उचलतच नाही. त्यांना ठेका ऐकवला की त्या ठेक्यावर पाऊल पडतं. त्याचंही कारण हाच दोर.

अपेक्षा हा शब्द लक्षात ठेवा, कारण गाण्याचा आनंद त्यात आहे. आपण दर्ग्याच्या उरुसात रात्र-रात्र बसलोय. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ देशभरचे कलाकार तिथे येऊन सेवा करतात, आणि आपण वडिलांच्या मांडीवर पेंगत ते ऐकलंय. तिहाई सुरू झाली की सगळा मांडव श्वास धरतो, आणि सम आली की हजार माना एकदम हलतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियल इथे व्हॅलोरी सलीमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांनी २०११ साली नेमकं हे तपासलं. गाणं ऐकताना ज्यांच्या अंगावर काटा येतो असे लोक घेतले, त्यांचं आवडतं संगीत लावलं आणि मेंदूत डोपामीन कुठे स्रवतं ते पाहिलं. भूक लागलेली असताना जेवण मिळालं की जे रसायन काम करतं, तेच हे. आवडती जागा आली तेव्हा ते एका भागात स्रवलं. आणि ती जागा यायच्या आधी, वाट बघताना, ते दुसऱ्या भागात स्रवलं होतं. मेंदूच्या हिशेबी वाट बघणं हासुद्धा आनंदाचाच भाग आहे. मात्र वाट बघायला सम कुठे येणार हे माहीत हवं. ते ऐकून ऐकूनच येतं. म्हणून माझ्या मुलाला जे संगीत भरून टाकतं, ते मला खोलीतला पंखा बिघडल्यासारखं वाटतं. दोष त्याच्या संगीतात नाही. त्याची सम मला सापडत नाही.

आता पुन्हा मॉनिटरकडे येतो.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. तो माणूस कित्येक वर्षं फक्त 'तां' एवढंच बोलू शकत होता. समोरच्याचं त्याला बरंचसं समजायचं. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा एक भाग खराब झालेला होता. विचाराला शब्द देऊन, वाक्य जुळवून ते तोंडावाटे बाहेर काढायचं काम बहुतेक माणसांत डाव्या बाजूला चालतं. मॉनिटरची तीच बाजू गेली. पण गाण्याचं काम एका बाजूला नाही. सुरांच्या चढउताराचा बराच भार उजवी बाजू उचलते. ठेका, हालचाल, पाठांतर यांचे भाग आणखी खोल, दोन्हीकडे आहेत. ते त्याचे शाबूत आहेत.

रशियन संगीतकार विसारियन शेबालिन यांची गोष्ट वैद्यकात प्रसिद्ध आहे. १९५९ च्या झटक्यानंतर त्यांना बोलणं आणि बोललेलं समजणं दोन्ही जड झालं. पण त्यांनी संगीतरचना थांबवली नाही. त्यांची पाचवी सिंफनी १९६२ ची आहे, भाषा गेल्यानंतरची.

आणखी एक गोष्ट आहे. शाळेतली प्रार्थना आपण वाक्य जुळवून म्हणत नाही. ती हजारो वेळा घोटून एक अखंड साखळी झालेली आहे. पाढ्यांसारखी. 'बे एके बे' म्हटलं की पुढचं आपोआप येतं. मध्येच विचारलं, सत्तेचाळीसाव्या शब्दाच्या आधी काय, तर सांगता येणार नाही. बोलणं गेलेल्या कितीतरी रुग्णांना पाढे, वार, महिने, देवाची स्तोत्रं म्हणता येतात. शिवाय सकाळी मॉनिटर एकटा गात नव्हता. आपण दोनशे जण बरोबर होतो. अशा रुग्णांना एकट्यापेक्षा दुसऱ्याच्या बरोबर गाताना शब्द जास्त चांगले येतात, हे अभ्यासात दिसलंय. एकत्र गाताना पुढचा ठोका आणि पुढचं अक्षर आपण त्याला पुरवत असतो.

आता 'पाणी हवं' हे त्याला का म्हणता येत नाही? कारण ते घोटलेलं नाही. ते त्या क्षणी जुळवावं लागतं. प्रार्थना मागच्या दाराने येते. ते दार उघडं आहे म्हणून पुढचं दार तो मुद्दाम बंद ठेवतोय, असा अर्थ होत नाही. वहिनी, हे मी तुमच्या घरातल्या सगळ्यांसाठी बोलतोय.

मग या मागच्या दाराचा उपयोग करता येतो का? १९७३ मध्ये बोस्टनच्या काही डॉक्टर आणि वाचातज्ज्ञांनी तसा प्रयत्न मांडला. रोज लागणारी छोटी वाक्यं दोन सुरांवर, एक वरचा एक खालचा, सावकाश म्हणायची. 'पा-णी ह-वं.' प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने टेबलावर ठोका द्यायचा. आधी दोघांनी मिळून, मग थेरपिस्टने हळूहळू गप्प व्हायचं, मग सूर काढून टाकायचा आणि बोलणं ठेवायचं. खरं ते सांगतो, हा चमत्कार नाही. सगळ्यांना उपयोग होत नाही, आणि झाला तरी शिकवलेल्या वाक्यांत जास्त, नव्या वाक्यांत कमी. फायदा सुराचा किती आणि ठेक्याचा किती, यावर अजून वाद आहे. मॉनिटर आठ महिने हे करतोय. त्याच्याकडे आता अकरा वाक्यं आहेत. अकरावं वाक्य नातीचं नाव घेऊन 'इकडे ये' असं आहे. तीन वर्षांत ती पहिल्यांदा आजोबांच्या हाकेवर धावत आली, असं वहिनींनी मला सांगितलं.

आता एक माझी स्वतःची तक्रार, आणि मग संपवतो.

पाचवीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात मी होतो. तालमीत मला बाजूला घेऊन सांगितलं गेलं, "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस." कुणी सांगितलं हे महत्त्वाचं नाही. त्यांना कार्यक्रम चांगला व्हायला हवा होता, आणि माझा आवाज खरंच भसाडा होता. पण मी पुढची तीस वर्षं ओठच हलवले. आरतीत, वाढदिवसाला, स्वतःच्या मुलीला झोपवतानासुद्धा. अंगाई तिच्या आईने म्हणायची, मी पाळण्याची दोरी ओढायची.

नंतर या विषयाचं वाचताना कळलं की ज्याला खरोखर सूर कळत नाही, एक गाणं दुसऱ्यापासून ओळखता येत नाही, असा जन्मजात दोष शंभरात साधारण एक-दोघांना असतो. बाकी 'मला गाणं येत नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांचा कान शाबूत असतो. फक्त गळ्याला सवय नसते. मी स्वतःची चाचणी केली. माझा कान ठीक निघाला. तेव्हा मुलगी कॉलेजात होती.

उलट टोकाचं वेडही नको. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग आला. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांनी मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकली आणि आकार ओळखण्याच्या एका चाचणीत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. तो परिणाम जेमतेम पंधरा मिनिटं टिकला. लहान मुलांवर तो प्रयोग नव्हताच. पण त्यावरून 'मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल' असा बाजार उभा राहिला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी १९९८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायला सरकारी पैसे मागितले. पुढच्या अभ्यासांत दिसलं की मनाला उल्हास देणारं काहीही ऐकलं की तेवढा तात्पुरता फायदा होतो. तेव्हा नातवंडांना गाणं शिकवा ते गणितात मार्क मिळावेत म्हणून नको. गाणं यावं म्हणून शिकवा.

मुख्याध्यापक बाई, तुम्ही सकाळी सांगितलंत की दहावीच्या वर्गांना जादा तास हवेत म्हणून संगीताचा तास कमी करायचा विचार चालू आहे. आमच्या तुकडीने जी देणगी गोळा केली आहे, तिच्यातून एक पेटी, एक तबल्याची जोडी आणि संगीतशिक्षकांचं मानधन द्यावं, असं आम्ही जेवताना ठरवलं. अट एकच आहे. कुठल्याही मुलाला ओठ हलवायला सांगू नये. भसाडा आवाज मागच्या रांगेत उभा करा, चालेल. या तासात जे घोटलं जाईल ते पन्नास वर्षांनी कुणाला कसं उपयोगी पडेल, हे आपण आज सकाळी पटांगणात पाहिलंय.

जाता जाता डॉक्टर म्हणून दोन गोष्टी. आपण सगळे सत्तावन्न-अठ्ठावन्नचे झालोय. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी अचानक झालं तरी थांबू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. मॉनिटरच्या वेळी 'दमलाय, झोपू दे' म्हणण्यात सकाळ गेली. कुणाचाही दोष नाही, त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे.

दुसरी गोष्ट, आता चहाच्या वेळेची. मॉनिटरजवळ जाऊन बसा. मोठ्याने बोलू नका, त्याचा कान उत्तम आहे. त्याला सगळं समजतं, आपले जुने विनोदही. 'हो' किंवा 'नाही'त उत्तर देता येईल असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या. त्याचा शब्द अडकला तर लगेच तुम्ही पूर्ण करू नका. आणि अगदीच काही सुचलं नाही, तर आठवीच्या सहलीत एसटीत जी गाणी म्हटली होती त्यातलं एखादं सुरू करा. साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी मेंदूत सगळ्यात घट्ट बसतात. ती त्याच्याकडे आहेत, आपल्याकडेही आहेत.

सुरुवात मी करतो. यावेळी आवाज काढून. माझा सूर लागला नाही तर मॉनिटर मला सांभाळून घेईल.